मुहूर्ताचे बोर्ड

रुंग चिडली की बँकॉकच्या बान मो गल्लीतल्या पाली शेपट्या टाकून पळतात. खोटं वाटत असेल तर आमच्या दुकानात या. छतावर एक बांडी पाल अजून फिरते आणि रुंगच्या टेबलावरून जायची वेळ आली की लांबचा वळसा घेते.

मी दुकानाच्या दाराशी जुने रेडिओ उघडून बसतो. रेडिओ आता कुणी आणत नाही, पण ही खुर्ची मला थोरल्या मालकांनी दिलेली, त्यामुळे त्यांचा मुलगा खेंग, सगळ्यांचा हिया म्हणजे थोरला भाऊ, मला उठवू शकत नाही. सगळे मला लुंग म्हणतात. गल्लीतल्या प्रत्येकाचा मी काका. काकाने बघायचं आणि मग सांगायचं. सांगताना मीठमसाला थोडा जास्त पडतो, पण मासा खराच असतो.

तर रुंग. आमच्या दुकानाची इंजिनीअर. तिचा बाप खाडीकडे कोळंबीचं तळं राखतो. तळ्यात पाणी ढवळणारी चाकं असतात. ती थांबली की पाण्यातली हवा संपते आणि कोळंबी गुदमरते. एकदा वीज गेली, चाकं थांबली, वीज परत आली तरी ती काही आपणहून फिरेनात. सकाळी सगळं तळं मेलेल्या कोळंबीने पांढरं. बाप काठावर बसून राहिला, एक शब्द बोलला नाही. रुंग मात्र बोलली. ती जे बोलली ते ऐकून शेजारच्या तळ्यातली बदकं उडाली ती थेट कंबोडियात जाऊन उतरली म्हणतात. मी कंबोडियात जाऊन खात्री केलेली नाही.

त्या रागातून तिने बोर्ड बनवला. पाण्यातली हवा मोजायची, कमी झाली की चाकं फिरवायची, आणि वीज जाऊन आली तर कुणी हाक न मारता उठून कामाला लागायचं. पहिला बोर्ड बापाच्या तळ्यावर अख्खा हंगाम चालला. कोळंबी इतकी माजली की जाळं ओढायला व्याही बोलवावे लागले. ते ऐकून ओपास शेठचा निरोप आला. खाडीकाठी नजर पोचेल तिथवर ज्याची तळी, तो ओपास शेठ. म्हणाला, "मला सगळ्या तळ्यांना हेच पाहिजे. शुक्रवारी दुपारी येतो. चालू करून दाखवा."

हिया खेंगला मात्र रुंगच्या बोर्डाचं कौतुक नव्हतं. त्याच्या टेबलावर बाहेरून मागवलेला, चाकं फिरवणारा एक तयार काळा डबा असायचा. तो त्याला येताजाता थोपटायचा.

"तुझे चालले तर तुझे, रुंग. नाही चालले तर शेठला हे डबे देईन. तू त्यांच्यावर स्टिकर चिकटवत बस."

"त्या डब्याला वीज गेलेली कळत तरी नाही, हिया!"

"पण तो चिडत नाही," हिया म्हणाला.

नवे बोर्ड तयार होऊन आले आणि हियाने मुहूर्त काढून आणला. गुरुवारी सकाळी. बोर्ड ज्यात बसायचे ते प्लास्टिकचे डबे सोमवारी येणार होते. पण डबे थांबू शकतात, मुहूर्त कसा थांबेल? तेव्हा बोर्ड तसेच, उघडेच, तबकात ओळीने मांडले. विहारातून लुआंग फो आले. आमचे वृद्ध भिक्खू, गल्लीतली प्रत्येक नवी गाडी, गाडा आणि गल्ला त्यांच्याच हातचा. त्यांनी प्रत्येक बोर्डाच्या मोठ्या चिपवर पांढऱ्या गंधाचे ठिपके काढले, त्यावर सोन्याचा वर्ख दाबून बसवला, मंत्र म्हटले, आणि बांबूच्या काड्यांच्या कुंच्याने सगळ्यांवर पाणी शिंपडलं. माझ्या रेडिओंवरही उडालं. त्यातला एक, ज्याला वर्षानुवर्षं वीज जोडलेली नाही, हवामानाचा अंदाज सांगायला लागला. आम्ही सगळे हात जोडून बसलो होतो. रुंग सगळ्यात पुढे.

लुआंग फो गेल्यावर रुंगने बाह्या सारल्या आणि पहिल्या बोर्डाला केबल लावली. त्यात बूटलोडर भरायचा होता. बोर्डाने डोळे उघडल्यावर सगळ्यात आधी वाचायचा तो छोटासा प्रोग्राम: आपण कोण, आपली मेमरी कुठे, पुढे काय करायचं. तो नसेल तर बोर्ड म्हणजे कौलाचा तुकडा.

"भरला. तपासला. बरोबर आहे," ती म्हणाली. केबल काढली, वीज बंद करून चालू केली.

हिरवा दिवा लागायला हवा होता. लागला नाही.

पुन्हा भरला. पुन्हा तेच. दुसरा बोर्ड घेतला, तिसरा घेतला. प्रोग्राम सुखाने आत जायचा, कॉम्प्युटर सगळं ठीक आहे म्हणायचा, आणि वीज दिली की बोर्ड मढ्यासारखा पडून. रुंगला आधी केबलचा राग आला. तिने ती कात्रीने कापली. नव्या केबलने तेच. मग तिने ड्रॉवरमधून स्वतःचा जुना नमुन्याचा बोर्ड काढला. तीच नवी केबल, तीच फाइल, तोच कॉम्प्युटर. हिरवा दिवा टचकन लागला.

"हा चालतो! मग यांना काय मरी आलीय?"

"जाय येन येन," हिया म्हणाला.

मन थंड ठेव. आमच्याकडे कुणी चिडलं की समोरचा हेच म्हणतो. चारचौघांत आवाज चढवणं म्हणजे आमच्या देशात भर बाजारात कंबरेचं सुटण्यासारखं. पण रुंगला हे शब्द ऐकवणं म्हणजे तापल्या कढईत पाणी टाकणं. तिच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न भिंतीत न खोचताच लाल झालं, हे मी दाराशी बसून पाहिलं.

"थंड? पाणी शिंपडून थंडच केलंय ना सगळं! ओल गेली असणार आत!"

"पवित्र पाण्याला ओल म्हणतेस?"

"पाणी म्हणजे पाणी, हिया!"

तिने शेजारच्या न्हाव्याकडून केस वाळवायचं यंत्र हिसकावून आणलं. एक गिऱ्हाईक अर्ध्या ओल्या डोक्याने मागोमाग आलं आणि तिचा चेहरा बघून तसंच परत गेलं. बोर्ड वाळवून वाळवून इतके कोरडे केले की त्यांच्यावर डाळ भाजता आली असती. दिवा नाही.

मग ती मीटर घेऊन बसली. मला समजावत नव्हती, बोर्डाला शिव्या देत होती. पण त्या शिव्यांमधून मला सगळं कळत गेलं. प्रोसेसरला वीज मिळाली की तो आधी स्वतःच्या दोन पायांकडे बघतो. पाय खाली असतील, म्हणजे त्यांच्यावर वीज नसेल, तर तो मेमरीतून बूटलोडर वाचतो. पाय वर असतील तर केबलची वाट बघत बसतो. रुंगने पाय खाली ओढून धरायला रेझिस्टर बसवलेले होते. आणि मीटर सांगत होता, एक पाय वर.

"खाली बांधून ठेवलाय तुला! वर कसा आहेस? कोण उचलतंय तुला?"

तिने बोर्ड हातात धरून चारी बाजूंनी पाहिला. कडेनेच धरला होता, अगदी बोटांच्या टोकांनी. लुआंग फोंच्या वर्खाला धक्का लागायला नको ना. इतक्या संतापातही तेवढं भान तिला होतं.

मग संशय जे हुईवर गेला. जे म्हणजे थोरली बहीण; ही जे हुई कोपऱ्यावर सुटे भाग विकते. रुंग तिच्या काउंटरवर रेझिस्टरची पुडी आपटून म्हणाली, "नकली माल विकतेस, जे?"

"मी? तुझ्या जन्माआधीपासून इथे बसलेय मी, बये! मोज! इथेच मोज, माझ्या डोळ्यांसमोर!"

रुंगने मोजलं. एकूण एक बरोबर. जे हुईने हात कंबरेवर ठेवले.

"आता माफी माग."

"मागते, पण चिडूनच मागणार!" रुंग ओरडली, आणि खरंच ओरडून माफी मागितली. शेवयांच्या गाड्यावरची माणसं वाडगे उचलून पलीकडच्या फुटपाथला गेली.

राहिला बोर्ड छापणारा कारखाना. तिने फोन लावला. "आतल्या थरात तांब्याच्या रेषा चिकटल्यात तुमच्या! सगळा माल बाद आहे!" पलीकडचा माणूस मऊ आवाजात काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण रुंगने फोन माझ्या रेडिओंच्या ढिगात फेकला, त्यावरून जाय येन येनच म्हणाला असणार.

"सगळा माल बाद," हिया हळूच म्हणाला. आनंद लपवायला त्याने तोंड वळवलं होतं, पण कान हसत होते. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी: मुहूर्त फुकट गेला याचं त्याला खरंच वाईट वाटलं. "नशीब खट्टू आहे या बोर्डांचं. सकाळी हात आखडता घेतला आपण. एकेकच वर्ख लावला."

दुपारी तो सगळे बोर्ड टोपलीत घालून विहारात घेऊन गेला आणि प्रत्येकावर आणखी सोनं चढवून आणलं. आता मोठ्या चिपवरच नाही, शेजारच्या मेमरीवरही. बोर्ड दिसायला राजवाड्यासारखे झाले. रुंगने केबल लावली. आता प्रोग्राम आतही जाईना. कॉम्प्युटर म्हणाला, मेमरी सापडत नाही.

रुंगने कॉम्प्युटरकडे पाहिलं. बोर्डाकडे पाहिलं. आणि इथेच मला तुम्हाला काहीतरी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली मुलगी, हिला डोळे नव्हते का?

डोळे होते. पण या शहरात सोन्याचा वर्ख टॅक्सीच्या टपावर आहे, शेवयांच्या गाड्याच्या दांड्यावर आहे, न्हाव्याच्या कात्रीवर आहे, दुकानाच्या पंख्यावर आहे. आपल्या नाकाचा शेंडा जसा सतत डोळ्यांपुढे असून आपल्याला दिसत नाही, तसा तो आम्हाला दिसत नाही. रुंगने त्या बोर्डावर धूळ शोधली, ओल शोधली, सोल्डरचे थेंब शोधले. सोनं सोडून सगळं पाहिलं.

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा हियाने तिचे बोर्ड जमिनीवर ठेवले होते आणि टेबलाच्या मधोमध काळा डबा.

"शेठ दुपारी येतील. त्यांच्या नावाचं स्टिकर छापून आणलंय. एवढं लावून घे," तो म्हणाला. "सरळ लाव हं. तुझा हात छान आहे."

मी खुर्ची दोन हात मागे सरकवली.

रुंगने स्टिकर घेतलं, चुरगळलं, तोंडात टाकलं आणि चावून गिळलं. मग खाली वाकून वरचा, काल सकाळी प्रोग्राम भरलेला बोर्ड उचलला, टेबलावर ठेवला, वीज जोडली, आणि पंजा पसरून त्याच्या टाळक्यावर असा हाणला की गल्लीच्या टोकाला नदीत उभ्या असलेल्या होडीची दोरी सुटली.

"ऊठ, मेल्या! ऊठ म्हणते ना! माझ्या बापाचं तळं मेलं, तू मरायचं नाहीस!"

अंगठा चिपवरून शेजारच्या मेमरीवर रगडत गेला, वायर उपटून बाजूला पडली. तिने ती रागाने पुन्हा खुपसली.

हिरवा दिवा लागला.

हियाने हात जोडून कपाळाला लावले. "बघितलंस? कालच्या दुसऱ्या सोन्याचा गुण! थोडा उशिरा आला, पण आला!"

रुंग दिव्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा पिवळाधमक.

तिने दुसरा बोर्ड घेतला, भिंगाखाली धरला. चिपच्या अंगावरून वर्ख ओघळला होता. चिपचे बारीक बारीक पाय त्याने एकत्र पांघरुणात घेतले होते, वीज येणारा पाय आणि तो खाली बांधलेला पाय शेजारी शेजारी. तिने मीटरची एक सुई वर्खाच्या या कडेला टेकवली, दुसरी त्या कडेला.

टीऽऽऽ, मीटर ओरडला. मधून वीज सरळ वाहत होती.

रुंग गप्प झाली. ती ओरडते तेव्हा पाल शेपटी टाकते. ती गप्प झाली तेव्हा पाल दुकानच सोडून गेली, ती सगळं निवळल्यावरच परतली.

"सोनं," ती अगदी हळू म्हणाली. "सोनं वीज वाहतं. शाळेतल्या पोराला माहीत असतं. आणि मी हात जोडून बसले होते. सगळ्यात पुढे! मी इंजिनीअर आहे की दगड?" आणि मग तिचा आवाज परतला. "आणि तू! तू त्यावर आणखी लावून आणलंस! आण ते स्पिरिट!"

हिया टोपलीवर आडवा झाला. "स्पिरिटने पुसशील? लुआंग फोंच्या हातचं सोनं? माझ्या दुकानात? मग माझ्या बापाचा फोटोही पुसून टाक!"

"त्या फोटोतून वीज वाहत नसेल तर राहू देते!"

"पाप लागेल!"

"मला लागू दे! तू स्टिकर लाव, मी पाप लावते!"

शेवटी टोपली उचलून तीच निघाली, मागे हिया, त्याच्या मागे मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण न जाऊन कसं चालेल?

लुआंग फो विहाराच्या ओसरीवर पंख्यापुढे बसले होते. बाईच्या हातून ते काही घेत नाहीत, म्हणून त्यांनी पुढ्यात पिवळं कापड पसरलं. रुंगने टोपली त्यावर अशी ठेवली की कापड त्यांच्या गुडघ्यापर्यंत सरकलं. मग तिने तीनदा डोकं टेकून नमस्कार केला. तोही रागानेच.

"लुआंग फो, तुमच्या सोन्याने माझे बोर्ड मेले."

"अगं!" हिया किंचाळला.

"जाय येन येन," लुआंग फो म्हणाले. रुंगच्या नाकपुड्या फुगल्या. "तुला नाही म्हणालो, बाळ. खेंगला म्हणालो. तू बोल."

ती बोलली. पाय, रेझिस्टर, वर्ख, मीटर, सगळं. लुआंग फोंनी एक बोर्ड उचलून डोळ्यांजवळ नेला.

"खेंग, तू मागच्या वर्षी गाडी आणली होतीस. इंजिन बाहेर काढून आणलं होतंस का?"

"नाही, लुआंग फो."

"मी वर्ख कुठे लावला?"

"टपाला. आतून."

"मग हे आतडी काढलेलं माझ्यापुढे का ठेवलंस?"

"डबे आले नव्हते... मुहूर्त..."

लुआंग फो चिडत नाहीत. भिक्खूंना ते शोभत नाही. पण त्यांच्या शेजारचा पंखा एकाएकी इतक्या जोरात फिरायला लागला की हियाचं टक्कल लाल झालं. "मी विचारलं होतं तुला, हे असंच असतं का? तू म्हणालास, असंच असतं. आणि काल परत घेऊन आलास! म्हणालास, अजून लावा!" त्यांनी बोर्ड टोपलीत ठेवला. "आशीर्वाद लागायचा तो लागला. आता वर राहिलंय ते पाकिटातलं सोनं. पूस, बाळ."

रुंग पळतच दुकानात आली. ब्रश, स्पिरिट, भिंग. हिया शेजारी वाटी धरून बसला आणि पुसलेलं सोनं कणकण गोळा करत राहिला, विहारात परत द्यायला. एकेक बोर्ड पुसला, बूटलोडर भरला, वीज दिली. एकेक दिवा लागत गेला. दुपारपर्यंत दुकान भाताच्या वाफ्यासारखं हिरवं झालं. रुंग हसली नाही. तिला अजून बराच राग शिल्लक होता.

ओपास शेठ आले. निळ्या टाकीत छोटं चाक बसवलं होतं. रुंगने वीज घालवली, परत आणली. बोर्ड आपला आपण उठला, चाक गरगरलं, आणि शेठच्या रेशमी शर्टावर पाण्याचा सपकारा बसला. शेठ खूश.

"हेच पाहिजे! वा! सगळे बांधून द्या." मग त्यांनी बोर्ड उचलला, उलटा केला, सुलटा केला. "पण याला सोनं कुठाय? खेंग, तू फोनवर म्हणालास लुआंग फोंनी स्वतः लावलंय."

हिया वाटीकडे बघायला लागला.

"शेठ, सोनं लावलं की हा चालत नाही," रुंग म्हणाली.

"असं कसं? माझी मोटार सोन्याशिवाय नाही. बायकोचा भाताचा कुकर सोन्याशिवाय नाही. आणि ज्याच्या भरवशावर एवढे जीव पाण्यात सोडायचे, तो असा उघडाबोडका? नको. मला झोप लागणार नाही."

हियाने काळा डबा अलगद पुढे सरकवला. "याला लगेच लावून आणतो, शेठ. याला कवच आहे."

रुंगने त्या डब्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता हा पण गिळते. पण तिने टेबलावरचा पांढऱ्या रंगाचा पेन ओढला. शेठच्या हातातला बोर्ड काढून घेतला, शेठच्या हातातला! कोपऱ्यात स्क्रूच्या भोकाजवळ, जिथे तांब्याची एकही रेषा जात नाही, तिथे तिने नखाएवढं वर्तुळ काढलं.

"इथे! या गोलात! इथे सोनं लावा, चांदी लावा, तुमचं कुंकू लावा! पण गोलाबाहेर एक कण गेला तर मी स्वतः तुमच्या तळ्यात उतरून एकेक कोळंबी हाताने मारीन!"

शेठशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी वर्तुळाकडे पाहिलं, मग रुंगकडे. "ही तुमची मुलगी रोज अशीच बोलते?" त्यांनी मला विचारलं.

"आज मूड चांगला आहे," मी म्हणालो.

"मग माझी कोळंबी हिला घाबरून तरी जगेल. गोल काढ सगळ्यांवर. मी शेवया खाऊन येतो."

तिने सगळ्यांवर गोल काढले. हिया टोपली घेऊन विहारात पळाला. लुआंग फोंनी चष्मा लावला, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि चिमट्याने एकेक वर्ख गोलात बसवला. रेषेला शिवला नाही. सगळे दिवे लागले, सगळे बोर्ड शेठच्या गाडीत चढले.

तो काळा डबा आता माझ्या खुर्चीच्या आखूड पायाखाली आहे. तिथे तो उत्तम चालतो. आणि रुंगने नवे बोर्ड छापायला दिले तेव्हा कोपऱ्यातला गोलही छापून घेतला, भोवती पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत: सोनं इथेच. बाहेर गेलं तर रुंगशी गाठ आहे.